यंत्राचा वेग आणि माणसाचे श्रम

जबलपूर शहरास वाहनांचे अप्रूप नाही. तोफांचे गाडे तयार करणारी गन कॅरेज फॅक्टरी येथे १९०४ साली सुरू झाली आणि १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमान ट्रक, निस्सानची एक टनी मालगाडी आणि या सर्वांत लाडकी ठरलेली जोंगा येथूनच सैन्याकडे रवाना होत असे. जोंगा हे नावदेखील याच शहराच्या व येथील कारखान्यांच्या इंग्रजी नावांतील अक्षरे जुळवून सिद्ध झालेले आहे. रांझी, खमरिया या भागांत वास्तव्य केलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे दोन-दोन पिढ्यांचे अन्न या कारखान्यांशी निगडित राहिले. अशा शहरात मोटार शर्यतीचा विषय निघाला म्हणजे एक ठराविक शेरा हमखास ऐकू येतो : ‘पळते ती गाडी, माणूस नुसता बसलेला असतो. त्यात कसला आला खेळ?’ त्यास उत्तर देणारेही येथेच भेटतात. पॉवर स्टिअरिंग नसलेली जोंगा किंवा जुना शक्तिमान ज्यांनी खडबडीत वाटेवरून दिवसभर हाकला आहे, त्यांचे दंड आणि खांदे संध्याकाळी काय बोलतात हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

हा शेरा केवळ पारावरच्या गप्पांपुरता राहिला असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु मोटार शर्यत हा माणसाच्या शरीराची व मनाची कसोटी पाहणारा खेळ आहे किंवा नाही, हा प्रश्न आपल्या देशात एकदा चक्क परकीय चलनाच्या परवानगीपाशी येऊन ठेपला होता आणि त्याचे उत्तर सरकारी पातळीवरून नकारार्थी आले होते. त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी मूळ प्रश्नाचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट ठरेल.

जबलपूरहून शिवनीमार्गे नागपूरचे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर भरते. जबलपूरच्या मराठी माणसास हा रस्ता पाठ असतो. कुरईच्या घाटात बस वळू लागली की प्रवासी एका अंगाला कलतो, हात आपोआप समोरच्या दांड्याकडे जातो आणि मान सावरावी लागते. या वेळी शरीरावर येणारा आडवा ताण गुरुत्वाकर्षणाच्या ओढीच्या निम्म्याहूनही बराच कमी असतो. आता नोएडाजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवरील फॉर्म्युला वन शर्यत पाहावी. २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे ती तेथे झाली. एका फेरीचे अंतर ५.१२५ किलोमीटर, फेऱ्या साठ, म्हणजे एकूण तीनशे सात किलोमीटर. जबलपूर-नागपूरपेक्षा थोडे अधिक अंतर विजेता सुमारे दीड तासात तोडतो. फेरीत सोळा वळणे आहेत, म्हणजे दीड तासात नऊशे साठ वळणे. वेगवान वळणावर चालकाच्या शरीरास जी आडवी ओढ बसते ती गुरुत्वाकर्षणाच्या चौपट ते पाचपट असते.

पाचपट ओढ म्हणजे काय, हे मानेच्या उदाहरणावरून नेमके उमगते. माणसाचे डोके व त्यावरील हेल्मेट यांचे वजन मिळून साडेसहा किलोंच्या आसपास भरते. पाचपट ओढीखाली तेच तीस किलोंहून अधिक होते आणि तेही वरून खाली नव्हे, तर बाजूला खेचणारे. धान्याचे पोते डोक्यावर घेणारा हमाल ते कण्यावर तोलतो. येथे कण्याची मदत नसते, केवळ मानेच्या स्नायूंनी ते आडवे धरावे लागते. शिवाय डोके स्थिर राहिले नाही तर नजर स्थिर राहत नाही. त्यामुळे हे चालक मानेला पट्टे बांधून, वजने लावून वर्षभर व्यायाम करतात. शर्यतीच्या चालकाची मान सडपातळ शरीरावरही पहिलवानासारखी जाड दिसते, ती याच कारणाने.

पायाचे श्रम त्याहून कमी दिसतात, पण कमी नाहीत. घरगुती मोटारीचा ब्रेक अंगठ्याने दाबला तरी चालतो, कारण जोर यंत्रणा पुरवते. फॉर्म्युला वनच्या गाडीत ब्रेकच्या पेडलवर शंभर किलोंहून अधिक वजनाइतका दाब पायाने द्यावा लागतो. प्रत्येक फेरीत असा कडक ब्रेक सहा-सात वेळा लागतो असे धरले तरी साठ फेऱ्यांत चारशेच्या आसपास आकडा जातो. व्यायामशाळेत पायाने वजन ढकलणारा माणूस बारा-पंधरा वेळा ढकलून विश्रांती घेतो. येथे विश्रांती नाही, आणि दाब किंचित कमी-अधिक झाला तर चाक जाम होते किंवा वळण चुकते. फॉर्म्युला वनच्या खालची पायरी असलेल्या फॉर्म्युला टूच्या गाड्यांत तर पॉवर स्टिअरिंगही नसते. त्या चालवणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांची मनगटे व खांदे पाहिल्यास ‘नुसता बसलेला’ हे विशेषण पुन्हा वापरवणार नाही.

या सर्व काळात हृदयाचे ठोके मिनिटाला १६० ते १८० च्या घरात राहतात. याचे श्रेय काहीजण केवळ भीतीला आणि उत्तेजनेला देतात. ते पूर्ण सत्य नव्हे. स्नायू सतत ताणून धरावे लागले, श्वास प्रत्येक वळणावर रोखावा लागला आणि त्यात अंगावर आगीपासून संरक्षण देणाऱ्या कपड्यांचे अनेक थर असले म्हणजे हृदयास दुप्पट काम पडते : स्नायूंना रक्त पुरवायचे आणि त्वचेकडे रक्त नेऊन शरीर थंडही ठेवायचे. कॉकपिटमधील तापमान पन्नास अंशांवर जाऊ शकते. उष्ण प्रदेशातील एका शर्यतीत चालकाच्या शरीरातून दोन ते तीन किलो वजनाइतके पाणी घामावाटे निघून जाते. जबलपूरच्या मे महिन्यात बंद टपावर पत्रा तापलेल्या ट्रकमध्ये दुपारी बसून पाहिलेल्या माणसास यातील निम्मे तरी ताडता येईल.

उष्णतेने या खेळाडूंना कसे नमवले आहे याची उदाहरणे सर्वज्ञात आहेत. १९८४ साली अमेरिकेतील डॅलस येथे नायजेल मॅन्सेल आपली बंद पडलेली गाडी अंतिम रेषेकडे ढकलत नेताना भोवळ येऊन कोसळला. ब्राझीलच्या आयर्टन सेनाचा १९९१ चा प्रसंग उष्णतेपेक्षा श्रमाचा आहे. मायदेशातील शर्यतीत त्याच्या गाडीचे एकामागून एक गिअर निकामी होत गेले आणि अखेरीस केवळ सहावा गिअर उरला. त्याने शर्यत जिंकली, पण स्नायूंत गोळे आल्याने त्यास गाडीतून बाहेर काढावे लागले आणि विजयचषक त्याच्याने जेमतेम उचलवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतार येथे शर्यत रात्री असूनही एस्तेबान ओकॉन यास हेल्मेटमध्येच उलटी झाली आणि तरीही त्याने शर्यत पूर्ण केली. लोगन सार्जंट यास अर्ध्यावर माघार घ्यावी लागली. लान्स स्ट्रोल गाडीतून उतरताना लडखडला. या शर्यतीनंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने चालकांच्या अंगावर वापरावयाच्या शीतकरण यंत्रणेची तरतूद २०२५ च्या हंगामापासून केली. जे काम नुसते बसण्याचे असते त्यासाठी असा खटाटोप कोणी करत नाही.

शरीराची कसोटी एकदा मान्य झाली की मनाची बाजू अधिक गहन असल्याचे लक्षात येते. ताशी तीनशे किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ८३ मीटर जाते. पापणी लवण्यास सेकंदाचा दहावा भाग धरला तरी तेवढ्यात आठ मीटर रस्ता न पाहता मागे पडतो. याच वेळी चालकाच्या हातातील चक्रावर वीसहून अधिक बटणे व कळा असतात, कानात अभियंत्याचा आवाज असतो, टायर किती झिजले याचा अंदाज बुडाखालच्या कंपनांवरून घ्यावयाचा असतो आणि मागून येणारा प्रतिस्पर्धी आरशाच्या इवल्याशा काचेत सांभाळावयाचा असतो. बुद्धिबळपटूदेखील मनाने थकतो, परंतु त्याच्या शरीरात त्या वेळी पाण्याची तूट नसते. शरीरातील पाणी घटले की प्रथम एकाग्रताच ढळते. म्हणून या खेळात शरीराची तयारी ही मनाच्या तयारीहून वेगळी काढता येत नाही. बळ हवे ते गाडी ओढण्यासाठी नव्हे, तर पन्नासाव्या फेरीतही पहिल्या फेरीइतके स्वच्छ पाहता व ठरवता यावे यासाठी.

फॉर्म्युला वनची चकाकी बाजूला ठेवून रॅलीकडे पाहिले तर ही गोष्ट अधिक ठळक होते आणि भारतीय वाचकास अधिक जवळचीही वाटते, कारण तेथे गुळगुळीत धावपट्टी नसून खडी, चिखल, वाळू व घाट असतात. रॅलीत चालकाशेजारी सहचालक बसतो आणि आधी पाहणी करून लिहून ठेवलेली वळणांची टिपणे अखंड वाचत जातो. पुढचे वळण डोळ्यांना दिसण्यापूर्वीच ते कानांनी ऐकून, त्यावर विश्वास ठेवून, चालक गाडी वळवतो. एकाने एक ओळ चुकवली तर दोघांच्या जिवावर बेतते. या प्रकारात गौरव गिल यांनी आशिया-पॅसिफिक रॅलीचे विजेतेपद २०१३, २०१६ आणि २०१७ असे तीनदा पटकावले. डाकार ही तर सुमारे दोन आठवडे चालणारी, हजारो किलोमीटर वाळवंट तुडवणारी परीक्षा. २०१५ मध्ये तेथे उतरणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष यांना २०२१ च्या डाकारमध्ये भीषण अपघात झाला व काही दिवस कृत्रिम बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. २०२४ मध्ये केरळच्या हरिथ नोआ यांनी मोटारसायकलींच्या रॅली टू गटात विजय मिळवला.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पुण्याचे संजय टकले यांचे उदाहरण लक्षणीय आहे. मोटारसायकलच्या शर्यतींतून पुढे येऊन रॅलीत स्थिरावलेले टकले पन्नाशी ओलांडल्यावर जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियातील डाकार क्लासिक स्पर्धेत जुन्या धाटणीची टोयोटा लँड क्रूझर घेऊन उतरले. या गटात सर्वांत वेगवान तो विजेता असा हिशेब नसतो. ठरवून दिलेला सरासरी वेग वाळूतही नेमका राखणे आणि वाट न चुकणे याला गुण असतात. म्हणजे दिवसभर हादरे खात, तहानेने कोरडे पडत असतानाही डोक्यात घड्याळ आणि नकाशा चालू ठेवावयाचा. पुण्याच्याच डायना पंडोले यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय मालिकेतील एमआरएफ सलून गटाचे विजेतेपद पुरुष चालकांना मागे टाकून मिळवले. स्त्रिया व पुरुष एकत्र स्पर्धा करतात यावरूनच काहीजण ‘मग यात ताकद कुठे लागते?’ असे अनुमान काढतात. ते घाईचे आहे. या खेळात ताकदीची एक पायरी गाठावीच लागते. ती गाठल्यानंतर निकाल कौशल्यावर आणि सहनशक्तीवर ठरतो, इतकाच त्याचा अर्थ.

आता आक्षेपाची खरी बाजू. निकाल गाडीवर अवलंबून असतो, हे म्हणणे खोटे नाही. नारायण कार्तिकेयन यांची कारकीर्द हेच दाखवते. २००५ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे ते चौथे आले व त्यांना पाच गुण मिळाले, परंतु त्या दिवशी टायरच्या वादामुळे चौदा गाड्यांनी माघार घेतल्याने केवळ सहाच गाड्या धावल्या होत्या. २०११ मध्ये मायभूमीवर, बुद्ध सर्किटवर, ते अत्यंत मागास गाडी घेऊन उतरले आणि मधल्या क्रमांकापर्यंतही पोहोचणे शक्य नव्हते. त्यांच्या जागी साक्षात सेबास्टियन व्हेटेल असता तरी त्या गाडीने तो जिंकला नसता. हे सारे मान्य. परंतु मागे राहिलेल्या चालकाच्या मानेवरची ओढ व अंगातला घाम पुढच्याच्या तुलनेत फारसा कमी नसतो. निकालातील यंत्राचा वाटा आणि शरीरावरील श्रमाचा भार ही दोन निराळी खाती आहेत. एकातील शिल्लक दुसऱ्यात वजा करता येत नाही. अश्वारोहणात घोडा धावतो आणि शिडाच्या नौकेत वारा ढकलतो, तरीही दोन्ही प्रकार ऑलिंपिकमध्ये समाविष्ट आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मोटार शर्यतींच्या जागतिक महासंघास २०१३ मध्ये पूर्ण मान्यता दिली, ती याच विचाराने असावी.

आपल्याकडे खाती एकमेकांत मिसळली गेली, आणि तीही कागदोपत्री. विदेशी चलन व्यवस्थापन कायद्याखालील २००० च्या नियमांत एक तरतूद होती : परदेशातील क्रीडा उपक्रमाचे प्रायोजकत्व किंवा बक्षिसाची रक्कम म्हणून एक लाख अमेरिकी डॉलरहून अधिक पैसा पाठवावयाचा असल्यास, आणि पाठवणारी संस्था मान्यताप्राप्त क्रीडा संस्था नसल्यास, केंद्राच्या क्रीडा खात्याची पूर्वसंमती लागे. बँकेच्या परकीय चलन विभागात काम केलेल्यांना हे कलम परिचित असेल. भारतातील शर्यतीच्या आयोजकांनी फॉर्म्युला वनच्या व्यवस्थापनास द्यावयाच्या रकमेसाठी अशी संमती मागितली, तेव्हा २००९ मध्ये क्रीडा मंत्रालयाने ती नाकारली. हा निव्वळ क्रीडाप्रकार नसून करमणूक व व्यापारी उपक्रम आहे आणि इतरांशी स्पर्धेत श्रेष्ठत्व मिळवण्याचा मानवी प्रयत्न ही खेळाची कसोटी त्यास लागू होत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. गंमत अशी की त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत, २०१० च्या प्रजासत्ताकदिनी, त्याच केंद्र सरकारने कार्तिकेयन यांस पद्मश्री जाहीर केली. पुढे २०१९ मध्ये गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि हा सन्मान मिळवणारे ते मोटार क्रीडेतील पहिले खेळाडू ठरले.

मंत्रालयाचा निर्णय चुकीचा होता असे म्हणण्याची घाई मात्र करू नये. कारण चुकीचे होते, निर्णय कदाचित नव्हे. एक खासगी कंपनी खासगी नफ्यासाठी परदेशी कंपनीस मोठी रक्कम देत असेल, तर त्यास क्रीडा खात्याने शिफारस द्यावी का, हा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर अर्थकारणाच्या भाषेत देता आले असते. करमाफीचेही तसेच. उत्तर प्रदेश सरकारने शर्यतीस दिलेल्या करमणूक कराच्या सवलतीस जनहित याचिकेद्वारे आव्हान मिळाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये तिकीट विक्रीच्या उत्पन्नातील पंचवीस टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा आदेश दिला. हजारो रुपयांचे तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाने कर का भरू नये, याचे समाधानकारक उत्तर आयोजकांपाशी नव्हते. एप्रिल २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने बुद्ध सर्किट ही परदेशी कंपनीची भारतातील स्थायी आस्थापना ठरवून तिचे येथील उत्पन्न करपात्र असल्याचा निर्वाळा दिला, तोही योग्यच वाटतो. परंतु तिकिटावर कर लावण्यासाठी चालकाच्या घामाचे अस्तित्व नाकारण्याची आवश्यकता नाही. क्रिकेटच्या सामन्याची तिकिटेही महाग असतात, त्यातही करमणूक असते, म्हणून वेगवान गोलंदाज खेळाडू नाही असे कोणी म्हणत नाही.

मंत्रालयाच्या त्या कारणास सर्वांत स्पष्ट उत्तर चौदा वर्षांनी बुद्ध सर्किटवरच मिळाले. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली. उकाडा एवढा होता की चोवीस फेऱ्यांची शर्यत एकवीस फेऱ्यांवर आणावी लागली. तरीही दुसरा आलेला स्पेनचा होर्हे मार्टिन अंतिम रेषा ओलांडल्यावर शरीरातील पाणी कमी झाल्याने कोसळला. ‘मानवी प्रयत्न’ याहून अधिक कोणत्या पुराव्याने सिद्ध व्हावा, हे सांगणे अवघड आहे.

खेळ की करमणूक हा वाद शब्दांचा वाटला तरी त्याचा फटका बसतो तो व्हेटेलला नव्हे, तर जबलपूर वा नागपूरच्या एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलास अथवा मुलीस. खेळ म्हटला की शाळेत सवलत मिळते, प्रशिक्षक व क्रीडावैद्यक मिळण्याची शक्यता निर्माण होते, नोकरीत राखीव जागांचा विचार होतो. करमणूक म्हटली की सारा भार पालकांच्या खिशावर येतो, आणि या खेळाचा खर्च पाहता मध्यमवर्गीय घरास तो झेपणारा नाही. देशातील सर्किटे चेन्नईजवळ, कोइंबतूरला आणि नोएडाजवळ. दक्षिणेतून चालक अधिक येतात त्यामागे हे साधे भौगोलिक कारण आहे. तमिळनाडूच्या क्रीडा विकास प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ अखेर चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत भरवण्यात पुढाकार घेतला. शहराच्या मध्यभागी त्यासाठी रस्ते अडवणे कितपत उचित, यावर मतभेद झाले, पण एका राज्याच्या क्रीडा यंत्रणेने हा विषय आपला मानला ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

मध्य प्रदेशाकडे यासाठी लागणारी एक गोष्ट मात्र आयतीच आहे. इंदूरजवळ पीथमपूर येथे वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान मार्ग जून २०२१ मध्ये खुला झाला. तो शर्यतीसाठी बांधलेला नाही आणि तेथे शर्यती भरवाव्यात असा आग्रहही नाही. परंतु तेथे वर्षभर वाहनांचा वेग, ब्रेक, टायर आणि तापमान मोजले जाते. त्याच जागी वर्षातील काही दिवस तरुण चालकांच्या मानेची ताकद, हृदयाचे ठोके, शरीरातील पाणी आणि प्रतिक्रियेस लागणारा वेळ मोजण्याची सोय राज्याच्या क्रीडा खात्याने करून घेतली, तर जबलपूरहून जाणाऱ्या मुलास चेन्नईपर्यंतचा खर्च करण्यापूर्वी आपण या खेळासाठी कितपत तयार आहोत, हे एका रात्रीच्या प्रवासात समजू शकेल.